भरलेला गेलो, भरलेलाच आलो

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. स्टीलचा, तीन पुडांचा, झाकणाला पोचे पडलेला. कारखान्यातल्या जन्माचं मला फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते आईच्या ओट्यावर. आई म्हणजे माझ्या मालकिणीची आई. घरात सगळे तिला आई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. आधी मी बाबांबरोबर कामावर जायचो. ते गेले, तेव्हापासून लेकीबरोबर जातो. भरून जावं आणि रिकामं होऊन परत यावं, हाच आमचा धर्म. संध्याकाळी आई मला कानाशी धरून हलवायची. आत काही वाजलं नाही की स्वारी खूश!

लेक कवळ्या बनवते. दंतवैद्यांकडून तोंडाचे साचे येतात आणि ती मेणात एकेक दात बसवते. माझी जागा खिडकीत, हसणाऱ्या कवळ्यांच्या रांगेशेजारी. एवढे दात आणि जेवणारी ती एकटी, याची मला फार गंमत वाटे.

मागच्या वर्षी लेकीने इस्लाम स्वीकारला. घरात भांडण झालं नाही. आई फक्त कमी बोलू लागली आणि भांडी मात्र जोरात घासू लागली. माझे दोन पोचे तेव्हाचेच. शेवटी एकदा म्हणाली, "तुझा देव तुझ्यापाशी. पण माझा डबा न्यायचा." लेक लगेच हो म्हणाली.

मग रमजान आला.

"उपास आहे ना? मग फळं देते," आई म्हणाली. तिच्या उपासाला फळं आणि दूध चालायचं.

"आई, फळंही नाहीत गं. संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही."

"पाणीसुद्धा नाही? असं कुठे असतं का!" म्हणत तिने मला केळ्यांनी गच्च भरलंच.

त्या दिवशी मी भरलेला गेलो आणि भरलेलाच परत आलो. आईने हलवून पाहिलं. केळी धपधप वाजली. तिचा चेहरा असा उतरला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला वाटलं, देव बदलला तसा आईचा हातही पोरीला नकोसा झाला.

लेकीला ते बघवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला शेजारच्या पॉलिशकाकांपुढे ठेवलं. हे काका दिवसभर लोकांच्या कवळ्या चमकवायचे आणि जेवायचे स्वतःच्या कवळीने. खाता खाता त्यांनी विचारलं, "भूक नाही लागत गं तुला?"

"लागते की! पूर्वी भूक लागली की मी चिडायचे. आता वाटतं, कुणासाठी तरी थांबलेय आणि त्याला ते ठाऊक आहे. मी नवी आहे, काका. दुआ म्हणताना अजून जीभ अडखळते. पण हे थांबणं मला जमतं."

संध्याकाळी मी रिकामा घरी आलो. आईने मला हलवलं आणि चक्क गाणं गुणगुणू लागली. लेकीने नमाज पढली आणि चटईवर तशीच बसून राहिली. मग उठून स्वयंपाकघरात आली.

"आई, डबा मी नाही खाल्ला. काकांनी खाल्ला. पोटात खोटं ठेवून कसला रोजा?"

आईने नळ बंद केला. माझी तर कडीच थरथरली.

"मग तू खातेस कधी?"

"सूर्य मावळला की. तेव्हा मी बसमध्ये असते. खजूर खाते, पाणी पिते."

"एकटीच?"

"हो."

आईने नळ पुन्हा सोडला आणि मला घासायला घेतलं.

सकाळी लेक माझ्याशिवायच कामावर गेली. मी फळीवर पालथा पडलो होतो. संपलं आपलं काम, असं वाटलं आणि खरंच रडू आलं. पण दुपार कलल्यावर आईने मला उचललं. तळाच्या पुडात भात, मधल्यात भाजी, वरच्यात फळं. मग मला मांडीवर घेऊन ती बसमध्ये बसली. इतकी वर्षं मला भरून दिलं तिने, पण माझ्याबरोबर निघाली ती त्याच दिवशी.

काम आटोपून लेक बाहेर आली आणि थबकलीच. दोघी पायरीवर बसल्या. सूर्य समोरच्या इमारतीला टेकला होता. लेक शांत, आणि घाई सगळी आईलाच! "मावळ की रे बाबा! पोरगी उपाशी आहे माझी," ती सूर्यालाच दटावत होती. दारात उभे राहून काका इतके हसले की त्यांना कवळी सावरावी लागली.

सूर्य मावळला. लेकीने खजूर खाल्ला, पाणी प्यायली आणि ओंजळ धरून काहीतरी पुटपुटली. जीभ अजिबात अडखळली नाही.

"काय म्हणालीस?" आईने विचारलं.

"तुझ्यासाठीही मागितलं."

आईने डोळे पुसले आणि माझी कडी उघडली.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालोय. माझी कडी सैल झालीये. डबे आपटू नका, रागाच्या भरात घासू नका, आमचा काय दोष? आणि आपल्या माणसाला काय वाढू हे तर विचाराच, पण केव्हा वाढू हेही विचारत जा.

त्या दिवशी घरी आल्यावर आईने मला हलवून बघितलं नाही. शेवटचा घास लेकीने तिलाच भरवला होता.