बिनआधाराची सात पावले

मी एक जुनी कुबडी आहे. हल्ली दाराच्या मागे, छत्रीच्या शेजारी उभी असते. मित्रांनो, कुबडीला कसले आले आहे आत्मवृत्त, असे तुम्हाला वाटेल. टेकायची आणि चालायचे, संपली गोष्ट! मलाही तसेच वाटायचे. पण एका सरकारी कागदाने मला असा धक्का दिला, की त्यातून मी अजून पुरती सावरलेली नाही.

माझा जन्म दुकानात झाला नाही. माझे मालक सुतार. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. दारे-खिडक्या बसवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. एका इमारतीवर काम करताना पायाखालची फळी मोडली आणि मिस्त्री दुसऱ्या मजल्यावरून खाली आले. जीव वाचला, पण उजवा पाय कामातून गेला. इस्पितळातून घरी आल्यावर त्यांनी खाटेवर बसूनच, एका चौकटीच्या उरलेल्या लाकडातून मला घडवले. रंधा मारला, कडा घासल्या, काखेत टोचू नये म्हणून वर जुन्या गादीचा तुकडा गुंडाळला आणि खाली रबराचे बूच बसवले.

"आजवर लोकांची दारं उभी केली," ते बायकोला म्हणाले, "आता मलाच उभं करायला लाकूड लागलं."

बायको हसली नाही. मी मात्र नवी कोरी होते, मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

चार वर्षे मी त्यांच्या काखेत होते. ते रोज एकाच जागी मूठ आवळत, त्यामुळे माझ्या दांडीवर त्यांच्या चार बोटांचे चार खळगे पडले. शेजारीपाजारी म्हणत, "मिस्त्री, अशी कुबडी बाजारात शोधून सापडायची नाही!" पण कौतुकाने चूल पेटत नाही. करवत चालवायची तर दोन पायांवर उभे राहावे लागते. मिस्त्री बसल्या बसल्या स्टुलांचे पाय दुरुस्त करत. बायको लाँड्रीत दिवसभर इस्त्री फिरवत असे. लेकीला दुसऱ्या गावी नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. अपंगांसाठीची सरकारी मदत सुरू झाली तर ती शिकायला जाणार होती, नाहीतर पॅकिंगच्या कारखान्यात. तिने फॉर्म आणला, एकवीस ठिकाणी बाबांच्या सह्या घेतल्या आणि अर्ज भरला. महिन्याभराने तपासणीचे बोलावणे आले.

त्याच आठवड्यात माझे रबराचे बूच पुन्हा एकदा फाटले होते. मिस्त्रींनी तात्पुरता एक खिळा ठोकला, त्याचे डोके जरासे बाहेर राहिले. दुसऱ्यांच्या घरी केसाएवढी फट न खपवणारा माणूस, स्वतःच्या घरी मात्र "बघू नंतर" म्हणाला.

तपासणीच्या दिवशी बायको कामावर होती, लेक कागदांच्या झेरॉक्स काढायला खाली गेली होती. आतून नाव पुकारले. मिस्त्रींनी दार ढकलले आणि उंबऱ्यावरच थबकले. आतली जमीन लाकडी होती, आणि तिच्यावर नवे पॉलिश चमकत होते. मी त्यांना चांगली ओळखते. त्यांना ना डॉक्टर दिसले ना खुर्ची, फक्त ते पॉलिश दिसले. त्यांनी माझ्या खिळ्याकडे पाहिले. पॉलिश केलेल्या खोलीत ओरखडा पडेल असे काही न्यायचे नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. त्यांनी मला बाहेर भिंतीला टेकवले, दाराची कड धरली, मग कपाटाची, आणि दात-ओठ खात पुढची सात पावले टाकली.

मी बाहेरून ओरडत होते, पण लाकडाचे कोण ऐकणार?

तेवढ्यात तिथल्या शिपायाने मला पाहिले. "काय माणसं असतात! कुबडीसुद्धा विसरून जातात," असे पुटपुटत त्याने मला उचलले, माझ्या पायावर एक चिठ्ठी चिकटवली आणि सापडलेल्या वस्तूंच्या कपाटात ठेवून दिले. तिथे एक चष्मा होता आणि एकच हातमोजा होता. माझी तर वाचाच बसली. मी विसरलेली वस्तू? मी?

मिस्त्री बाहेर आले तेव्हा भिंत रिकामी होती. ते भिंतीला धरूनच तासभर उभे राहिले. शेवटी लेकीने शोधाशोध करून मला सोडवून आणले. मी कशी हरवले हे तिने विचारले, तर "राहिली बाहेर" एवढेच ते म्हणाले.

आणि मग तो कागद आला. लेक मोठ्याने वाचू लागली आणि मध्येच थांबली. "अर्जदार कोणत्याही आधाराशिवाय तपासणी कक्षात चालत आला. मदतीस पात्र नाही. अर्ज नामंजूर."

कोणत्याही आधाराशिवाय! मित्रांनो, लेक हे वाचत होती तेव्हाही मी त्याच माणसाच्या काखेत होते. माझ्या लाकडाला घाम फुटायचाच काय तो बाकी राहिला.

"बाबा, कुबडी नव्हती नेली आत?"

मिस्त्री खाली बघत म्हणाले, "खिळा होता तिला. नवीन पॉलिश होतं गं."

बायको आ वासून बघतच राहिली. मग तिचा बांध फुटला. "अहो, या कुबडीने आपल्या घरच्या जमिनीला चार वर्षं खड्डे पडताहेत ते चालतं! आणि सरकारी जमिनीला एक ओरखडा चालला नसता? पोरीचं शिक्षण गेलं त्या पॉलिशपायी!"

"कुणीतरी गुडघ्यावर बसून घासलं असेल ते," मिस्त्री हळूच म्हणाले. बायको डोळे पुसून इस्त्रीच्या कामावर निघून गेली.

तीस दिवसांत अपील करता येते, असे कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते. लेकीने ते वाचले म्हणून बरे. तिने पुन्हा फॉर्म भरला आणि तिघेही सुनावणीला गेले. समोर अपील ऐकणाऱ्या बाई होत्या, शेजारी त्यांचा कारकून. लेकीने पॉलिशची हकिकत सांगितली.

"असं कुणीही म्हणेल," कारकून म्हणाला. "कुबडी काय, आजही विकत आणता येते."

तेव्हा मिस्त्रींनी मला टेबलावर आडवे ठेवले. घरी जो माणूस धड वाक्य बोलत नव्हता, तो लाकडाविषयी बोलायला लागला. "बाई, हे बोटांचे खळगे बघा. एका वर्षात पडत नाहीत. आणि खालचं टोक बघा, बुचं फाटून फाटून आतल्या अंगाला झिजलंय. सगळा भार टाकला तरच लाकूड असं झिजतं. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

बाईंनी चष्मा लावला. खळग्यांत स्वतःची बोटे ठेवून पाहिली. मग त्यांची नजर माझ्या पायावरच्या चिठ्ठीवर गेली. मिस्त्रींच्या बायकोने ती खरवडायचा दोनदा प्रयत्न केला होता, पण सरकारी डिंक तो, सुटेल कशाला! बाईंनी वाचले : लाकडी कुबडी एक, तपासणी कक्षाच्या दारात सापडली, मालक आढळला नाही. खाली तारीख आणि वेळ.

त्यांनी फाईल उघडली. तीच तारीख, तीच वेळ. कारकुनाचा चेहरा उतरला.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या, "निर्णय टपालाने कळवू."

कारकुनाला पुन्हा नियम आठवला. "मूळ पुरावा निकाल लागेपर्यंत कार्यालयात जमा करावा लागतो." त्याने माझ्या गळ्यात दोरीने एक बिल्ला बांधला.

आणि मित्रांनो, त्यानंतर जे घडले त्याने मी हादरूनच गेले. मिस्त्री म्हणाले, "नियम असेल तर ठेवा." त्यांनी टेबलाची कड धरली आणि उठले. एकेक पाऊल टाकत टेबलाच्या टोकाशी पोहोचले. तिथे टेबल संपले. पुढे दारापर्यंत सातच पावले असतील, आणि धरायला काहीही नव्हते. ते तिथेच उभे राहिले, हात टेबलावर ठेवून, पाहुण्याने निरोप घ्यावा तसे कसनुसे हसत. लेक पुढे धावली, तेवढ्यात बाई खुर्चीतून उठल्या.

"अहो, थांबा! निघालात कुठे?"

"घरी, बाई."

"असे? हिच्याशिवाय?"

मिस्त्रींनी नुसते दाराकडे पाहिले. बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या गळ्यातली दोरी सोडली आणि मला मिस्त्रींच्या काखेत दिले. मग उभ्या उभ्याच त्यांनी फाईलवर लिहिले. कारकुनाला ते वाचून दाखवायला लावले : "सदर पुरावा जमा करून घेता येत नाही, कारण तो ठेवून घेतल्यास अर्जदार खोलीबाहेर जाऊ शकत नाही. अपील मंजूर."

बायकोने तोंडाला पदर लावला. लेक रडतही होती आणि हसतही होती. मिस्त्री जाता जाता मागे वळून जमिनीकडे बघत होते, कुठे ओरखडा तर उठला नाही ना म्हणून.

लेक आता दुसऱ्या वर्षाला आहे. मिस्त्रींना मदतीतून हलकी, धातूची कुबडी मिळाली, आणि मी दाराच्या मागे आले. माझ्यावर धूळ बसते, गादीचा तुकडा उसवला आहे. त्याचे मला फारसे दुःख नाही. पायावरची ती चिठ्ठी मात्र मिस्त्रींनी कुणाला काढू दिली नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातला कुणी डॉक्टर होईल, कुणी टेबलामागे बसून शिक्के मारेल. माझे एवढेच मागणे आहे. समोरचा माणूस नीट चालत आला असे लिहिण्याआधी एकदा उठा, दार उघडा, आणि तो बाहेर भिंतीला काय टेकवून आला आहे ते बघा.