विहिरीतले पिकू

माझा नवरा ग्रेगरी मनाचा मऊ, आणि त्या मऊपणानेच गावच्या तळ्याची वाट लागली. हे मी त्याच्या तोंडावर बोलते.

आमच्या मुलाने, नेल्सनने, लहानपणी काचेच्या टाकीत दोन क्लीनर मासे पाळले होते, शेवाळ खाणारे. ते हातभर वाढले, टाकीत मावेनात. ग्रेगरीने ते चारकोपच्या आमच्या गावठाणातल्या तळ्यात सोडले. वर मला म्हणतो, "जीव आहे गं तो, मारू कसा?" त्याचं पाहून शेजारच्या टॉवरवाल्यांनीही आपापले आणून ओतले.

क्लीनरने इतर माशांची अंडी खाल्ली, काठ पोखरले, पाणी गढूळ केलं. कपाळावर चांदीचा ठिपका असलेले आमचे चिमुकले गावठी मासे, पिकू, दहा वर्षांत संपले. डासांच्या अळ्या तेच खायचे, त्यामुळे डास माजले. पिकू टिपणारा खंड्याही फिरकेना. लोक म्हणाले, तळं बुजवा, पार्किंग करा.

सभेत ग्रेगरी उभा राहिला. "पहिला मासा मी टाकला. एक उन्हाळा द्या मला."

सगळे हसले. म्हातारा आता नाक कापून घेणार, असं मलाही वाटलं.

एप्रिलमध्ये त्याने पंप लावून पाणी उपसलं आणि अडुसष्टाव्या वर्षी कमरेएवढ्या चिखलात उतरला. दोन मासे मारायला ज्याचा हात उठला नव्हता, त्याने चारशे मारले. तेवढे दिवस त्याने माझ्या हातचं माशाचं कालवण ताटात घेतलं नाही.

जुलैत तळं भरलं, पण पिकू आणायचे कुठून? आमच्या परसातल्या विहिरीत होते. सासूबाईंनी तिथे बाहेरचा मासा कधी पडू दिला नव्हता. ग्रेगरी सगळेच द्यायला निघाला.

"अर्धे ठेव," मी ओरडले. "एखादा क्लीनर राहिला असला तर मग काय करशील?"

अर्धे त्याने विहिरीतच ठेवले.

दिवाळीपर्यंत काठाच्या गवतात पिकूंची पिल्लं दिसली. डास घटले, खंड्या तारेवर येऊन बसला. पार्किंगचं नाव कुणी काढेना. उलट तळ्यावर ग्रेगरीच्या कौतुकाची पाटी लावायचं ठरलं. मजकूर मीच देतो, म्हणाला.

पाटी लागली: 'या तळ्यात पहिला क्लीनर मासा ग्रेगरी परेराने सोडला. तुम्ही सोडू नका.'

नेल्सन लाजला. मी नाही. चर्चमधून मिस्सा करून येताना ती पाटी मी पदराने पुसते, आणि घरी पाहुणे आले की आधी त्यांना तिथे नेते.