बिघडवण्याची तालीम

पत्र. निळं आंतरदेशीय, नागपूरच्या महाल भागातून.

"करून बघू कार्यक्रमाच्या प्रमुखांस. गेल्या बुधवारी तुम्ही दाखवलेल्या सांबारवड्या मी जशाच्या तशा केल्या. कागद समोर ठेवून केल्या. सगळ्या तेलात उकलल्या. तुमच्या मार्तंडरावांची एकही उकलली नाही. हा माणूस अनाडी आहे असं तुम्ही दर आठवड्याला सांगता. मग मी कोण? कळावे. कुसुमताई गोतमारे."

हे पहिलं पत्र. (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर.) अशी बावीस आली. पत्रं फोडायचं काम माझं, म्हणून आकडा माझ्याकडे आहे.

साल शहाऐंशी. दर बुधवारी संध्याकाळी साडेसहाला आमच्या दूरदर्शन केंद्रावरून अर्धा तास, थेट. 'करून बघू'ला नियम एकच होता आणि तो मनोहररावांनी, म्हणजे आमच्या निर्मात्यांनी, स्टुडिओच्या दारावर खडूने लिहून ठेवला होता: कागदावर आहे तेवढंच. प्रेक्षकाने पाककृती पाठवायची, गृहविज्ञान शिकवणाऱ्या यमुताईंनी ती वाचायची आणि आयुष्यात कधी स्वयंपाक न केलेल्या माणसाने ती करायची. जमली तर पास. बिघडली तर कागदात खोट आहे असं समजून पाठवणाऱ्याला परत. शेवटच्या काही मिनिटांत एखादं नवं यंत्र किंवा भांडं. त्याचीही तीच परीक्षा, त्याच हातांनी.

ते हात मार्तंडरावांचे. आमचे सेट उभे करणारे सुतार, वय सेहेचाळीस. पहिल्या दिवशी मनोहररावांनी सगळ्या लोकांना अंगणात उभं करून विचारलं होतं, "साधा चहासुद्धा केला नाही असं कोण आहे?" एकच हात वर झाला.

"मले तर चहाचं भांडं कोनतं तेबी मालूम नाई, साहेब."

पहिले दोन महिने त्यांनी काय काय जाळलं! मोहरी उडाली तेव्हा ते ओट्यामागे लपले आणि सगळ्या नागपूरने ते पाहिलं. पानठेल्यावर लोक त्यांना थांबवून विचारायचे, "काय गा मार्तंडभाऊ, आज काय जाळून राहिले?" त्यांच्यामुळे कार्यक्रम चालला, हे खरं आहे.

बघता बघता कार्यक्रमाला सात महिने झाले.

माझी वही. (मार्तंडरावांनी काय केलं ते मी दर वेळी टिपत होते. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे कधी बघितलं नव्हतं.)

कागद: पाणी अर्धी वाटी. हात: पाव वाटी, थांबला, पीठ दाबून पाहिलं, मग दोन चमचे.

कागद: मध्यम आच. हात: मध्यम. वास आला. मंद.

कागद: सारण भरून गुंडाळा. हात: गुंडाळून कडेला ओलं बोट फिरवलं, मग चिमटलं.

यंत्र: कांदा चिरायचं, खटक्याचं. हात: डब्यातून काढलं, पात्याला अंगठा लावून पाहिला, खिशातली कानस काढून दोनदा घासलं. मग कांदा.

कांद्याच्या यंत्राबद्दलची तक्रारीची पत्रं वेगळी. ती बावीसमध्ये धरलेली नाहीत.

मनोहररावांनी वही वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा तीच पानं वाचली.

"गोपिका, हा माणूस दुरुस्त करतोय. चुकीचे कागद आपण पास करून लोकांच्या घरी पाठवतोय."

मार्तंडरावांना बोलावलं. ते हातात फळी घेऊनच आले.

"मी? मी काई नाई केलं, साहेब. ते हातानं केलं."

"हात कोणाचा?"

"हात माझाच हाये. पन मी त्याले सांगतलं नाई."

मनोहरराव हसले नाहीत. वाईट माणूस नव्हता तो, पण बायका घरी फसतायत ही गोष्ट त्यांना लागली होती. त्यांनी सांगितलं: आणखी एक बुधवार. त्या दिवशीचा कागद ते स्वतः लिहितील आणि त्यात मुद्दाम एक चूक ठेवतील. पदार्थ कागदाप्रमाणे बिघडला तर मार्तंडराव राहतील. चांगला झाला तर ते आता अनाडी उरले नाहीत, दुसरा माणूस शोधावा लागेल.

"समजलं साहेब," मार्तंडराव म्हणाले आणि फळी घेऊन गेले. दुपारभर सुतारकामाच्या शेडमधून एकही ठोका ऐकू आला नाही. मी चहा घेऊन गेले.

"तेवीस वर्सं मी भिंती बनवून राहिलो, बाई," ते म्हणाले. "आधी नाटकाच्या, मंग इथच्या. समोरून रंग, मागून काड्या. खेळ संपला का तोडा. पह्यल्यांदा मी केलेलं कोनी खाल्लं. अन् म्हने, वा."

"मग राहा ना. बिघडवा मुद्दाम. एवढंच करायचंय."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी त्यांना वाकडा खिळा ठोकायला सांगत होते.

"जमन का मले?"

"तालीम करा."

तालीम. सांगणार त्यांच्या पत्नी शोभाताई. मंगळवारी दुपारी फाटकाशी आल्या, डबा हातात, राग तोंडावर आणि हसू त्याच्या मागे.

"तुमीच का वं गोपिका? काय शिकवून राहिल्या तुमी यायले? शनिवारी म्हने, शोभा, आज मी वरन बिघडवतो. म्हटलं बिघडवा, आपल्या बापाचं काय जाते. मीठ दुप्पट टाकलं. टाकलं अन् उभे राह्यले. मंग हळूच चिंच. मंग गुळाचा खडा. मंग आधनाचं पानी अन् मूठभर डाळ शिजवून आनखी. शेजारची वाटी घेऊन आली मागाले!"

"आणि रविवारी?"

"रविवारी पोळी करपवाले बसले. तव्यावर टाकली अन् भिंतीकडं तोंड करून बसले, पाहाचंच नाई म्हनून. वास आला का हात मांगून येते आपोआप! दोन बोटं भाजली. पोळी नाई करपली."

"काल?"

"काल मी त्यायचा उजवा हात दुपट्ट्यानं बांधून टाकला."

"मग?"

"डावाबी तसाच निघाला, बाप्पा!" त्यांनी डबा माझ्या हातात कोंबला. "हे घ्या. कालची बिघडवलेली भाजी. खाऊन पाहा."

वांग्याची होती. मी डबा चाटून पुसून परत केला आणि खूप काळजीत पडले.

कारण कागद मीच टाइप केला होता. गोळाभात. डाळीच्या भरडीत तिखट, मीठ, तेलाचं मोहन घालून गोळे वळायचे आणि अर्धवट शिजलेल्या भातात वाफवायचे, हे नागपूरच्या कुठल्याही घरात माहीत असतं. मनोहररावांनी लिहिलं होतं: दोन वाट्या भरड, दीड वाटी पाणी. एवढ्या पाण्याने गोळे होत नाहीत. ते वाहतं. पदार्थाचं नाव मी मार्तंडरावांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांच्या हाताने बुधवारपर्यंत उपाय शोधून ठेवला असता.

बुधवार. कार्यक्रमाच्या संहितेत चित्र डावीकडे आणि आवाज उजवीकडे लिहायची पद्धत आहे, इथे एकाखाली एक लिहिते.

चित्र: ओटा. परात. मार्तंडराव, बोटांना पट्टी.
आवाज: यमुताई. "भरड घ्या. मीठ. तिखट. हळद. मोहन."

चित्र: पाण्याची वाटी, जवळून.
आवाज: "आता दीड वाटी पाणी."

चित्र: अर्धी वाटी ओतली. हात थांबला.
आवाज: नाही.

चित्र: हात थांबलेलाच.
आवाज: अजून नाही. कॅमेरा चालवणारा मला खुणेने विचारतोय, काय झालं.

यापुढे मी लिहिणं सोडून बघत राहिले.

"दीड वाटी, मार्तंडराव," यमुताई म्हणाल्या.

"हाव बाई."

वाटी हवेतच होती. माझ्या कानाला लावलेल्या यंत्रात, काचेपलीकडच्या खोलीतून, मनोहररावांचा श्वास ऐकू येत होता. मार्तंडरावांनी डोळे मिटले आणि उरलेलं सगळं पाणी एकदम ओतलं.

"ओतलं?" कानात मनोहरराव.

"ओतलं."

"पूर्ण दीड?"

"दीड."

मग अगदी हळू, "शाब्बास रे." तेव्हा मला कळलं, की मार्तंडराव राहावेत असं त्यांनाही वाटत होतं.

"गोळे वळा," यमुताईंनी वाचलं.

मार्तंडरावांनी परातीत हात घातला, वर काढला. बोटांमधून सगळं खाली गेलं. त्यांनी तो हात कॅमेऱ्याला दाखवला. "होत नाई बाई."

"पाककृती नापास," यमुताई म्हणाल्या. माझ्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. झालं! आता फक्त यंत्राची सात मिनिटं. शेजारच्या शेगडीवर नवा, न चिकटणारा काळा तवा तापत होता. त्यावर एक अंडं फोडायचं, ते सुटतं का बघायचं, नमस्कार करायचा.

मार्तंडरावांनी अंडं उचललं. परातीकडे बघितलं. अंडं खाली ठेवलं.

"नको," मी मोठ्याने म्हणाले. थेट कार्यक्रमात. कोणाला ऐकू गेलं नाही, देवाची कृपा.

ओट्यावर सजावटीला कांदा होता, मिरच्या होत्या, सांबाराची हिरवी जुडी होती. त्यांनी सगळं भराभरा चिरलं. परातीत टाकलं. भातासाठी धुतलेल्या तांदळाकडे एकदा बघितलं, बाजूला पिठाचा डबा होता, त्यातलं तांदळाचं पीठ एक मूठ. ढवळलं. पळी उचलली आणि काळ्या तव्यावर ते गोल पसरलं. चर्र झालं.

"हे कागदावर नाही," यमुताई म्हणाल्या.

"कागद तं संपला, बाई."

"मग हे काय आहे?"

"धिरडं."

सात महिने यमुताई कागदावर नसलेला एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या पुढे झुकल्या. "उलटा आता. कड सुटली."

"अजून नाई. आता. पाहा."

धिरडं सुटलं. यमुताईंनी उभ्याउभ्या एक तुकडा तोडला, फुंकला, खाल्ला. मग पूर्ण धिरडं खाल्लं. मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "तवा पास," आणि दुसरं मागितलं.

कानात मनोहरराव म्हणाले, "गेला. हा माणूस गेला आपल्या हातातून."

दिवे विझल्यावर ते खाली आले. तोपर्यंत सगळ्यांच्या हातात धिरडी होती, त्यांच्याही हातात कोणीतरी एक दिलं. त्यांनी ते शेवटच्या घासापर्यंत खाल्लं.

"मार्तंडराव, तुम्ही अनाडी राहिला नाहीत."

"कागदावर होतं तेवढं केलं, साहेब. पुरं दीड वाटी ओतलं. माझा जीव मले ठाऊक. कागद संपला तिथून पुढचं मी केलं."

"पण काहून?" मनोहरराव मुंबईचे, 'का' ऐवजी 'काहून' त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आलं.

"वाया जाऊन राह्यलं होतं ना."

त्यांनी ओटा पुसला, हत्यारांची पेटी घेतली आणि शेडमध्ये गेले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ठोके पूर्ववत सुरू झाले. शांत, सारखे. मला ते ऐकवेनात.

शनिवारी पत्रं आली. एकसष्ट. गोळाभाताबद्दल एकही नाही.

"माझं पुरण पातळ झालं आहे. मार्तंडरावांना विचारून कळवावे, सण परवा आहे."

"चिवडा सादळला. धिरड्यासारखी काही तोड आहे काय?"

"पंधरा माणसांचा शिरा. साखर टाकायची राहिली, पाहुणे बसले आहेत." (हे पत्र टाकेपर्यंत पाहुणे कुठे गेले असतील, कोण जाणे.)

आणि मौद्याहून एक कार्ड, फक्त एवढंच: "आमच्याकडे रोज काही ना काही बिघडते. हा माणूस रोज दाखवा."

मनोहररावांनी ती टेबलावर पसरली आणि दुपारचं जेवण विसरले. चार वाजता त्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. कार्यक्रमाचा पहिला भाग तसाच, नियमही तोच, कागदावर आहे तेवढंच. पण बिघडलं तर शेवटची मिनिटं मार्तंडरावांची. यंत्र दर पंधरा दिवसांनी. मार्तंडराव शेडच्या दारात उभे राहून ऐकत होते. हातातला रंधा खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही.

"म्हणजे आता खरोखर बिघडवणारा माणूस हवा," मनोहरराव म्हणाले. "स्वयंपाक अजिबात न येणारं कोण आहे?"

कोणीच हात वर करेना. सात महिने बघून बघून सगळ्यांना काही ना काही येत होतं. कॅमेरावाला पुरणापर्यंत गेला होता. दिवेवाल्याने स्वतःच्या बहिणीच्या लग्नात कढी केली होती म्हणे.

"तुम्ही काय काय करता हो, साहेब?" यमुताईंनी विचारलं.

"मी... दूध तापवतो."

"उतू जातं?"

मनोहररावांनी चष्मा काढून पुसायला घेतला. अंगणात जो हशा झाला त्यात शेडमधला आवाज सगळ्यात मोठा होता.

बुधवार. साडेसहा. ओट्यामागे मनोहरराव, कपाळावर घाम, टायवर बेसन. पिठल्याचा कागद अगदी साधा होता, कोण्या मीराबाईंनी पाठवलेला, त्यात काही खोट नव्हती. तरी कढईत सुपारीएवढ्या गाठी झाल्या होत्या आणि ते त्या एकेक करून चमच्याने कढईच्या कडेला दाबत होते.

"नापास," यमुताई म्हणाल्या. इतक्या आनंदाने त्यांना तो शब्द म्हणताना मी कधी ऐकलं नव्हतं. "पण कागद नव्हे. साहेब नापास."

मार्तंडराव बाजूने आत आले. बुशशर्टाला शोभाताईंनी इस्त्री केली होती. त्यांनी कढईत डोकावून पाहिलं, एक गाठ बोटांत फोडून आतलं कोरडं पीठ पाहिलं आणि बराच वेळ मान हलवली.

"लय कसून बिघडवलं, साहेब."

"आता?" मनोहररावांनी कुजबुजत विचारलं. ते ऐकू जात होतं, सगळ्या नागपूरला.

मार्तंडराव माझ्याकडे वळले. "बाई, टाइम किती हाये?"

मी नऊ बोटं वर केली.

"लय झाला," ते म्हणाले आणि कढई आपल्याकडे ओढली.