काचेच्या दोन बश्या

मित्रांनो, मी एक जुनं दगडफूल आहे आणि आज माझं डोकं भयंकर फिरलं आहे. मला डोकं नाही, ही गोष्ट वेगळी.

प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीवर मी चाळीस वर्षं काढली. करडा, खडबडीत, तळहाताएवढा. माझ्यात दोघं नांदतात, एक बुरशी आणि एक हिरवं शेवाळ. बुरशी घर सांभाळते, पाणी धरून ठेवते. शेवाळ उन्हावर दोघांपुरतं अन्न बनवतं. त्यांच्या या संसारालाच मी 'मी' म्हणतो.

एके दिवशी संशोधन करणाऱ्या बाई आल्या, चाकूने मला खरवडलं आणि मदतनीस काकांना म्हणाल्या, "यातला खरा जीव कोणता ते बघायचंय. दोघांना वेगळं करा."

खरा कोणता! अहो, काय विचारताय काय!

बुरशी एका काचेच्या बशीत गेली, शेवाळ दुसरीत. तेव्हापासून मी नव्हतोच. पुढचं सगळं ऐकीव आहे. बुरशीचा नुसता गोळा झाला, शेवाळाचा हिरवा चिखल. मग पुन्हा दगडफूल होतं का ते बघायला बाईंनी दोघांना एका बशीत ठेवलं. पण काका पडले मायाळू. रोज साखरपाणी! आयतं मिळाल्यावर कोण कुणाला विचारतंय? दोघं शेजारी राहून एकमेकांकडे ढुंकून बघेनात.

बाई वैतागल्या. "जमत नाही हे. टाकून द्या."

तेवढ्यात काकांच्या मुलीचं बाळंतपण आलं आणि ते दोन महिने रजेवर गेले. बशी फेकायची राहिली, साखरपाणीही बंद झालं. पोटाला चिमटा बसला तेव्हा बुरशीने शेवाळाला कवेत घेतलं. काका परतले, तर बशीत नखाएवढा मी!

"अरे देवा," काका म्हणाले, "म्हणजे लाड करून मीच वाट लावत होतो की!"

बाईंना आनंद झाला. पण लगेच म्हणाल्या, "एकदा जमलं हा काही पुरावा नाही. पुन्हा वेगळं करा, काका."

काकांनी दोन्ही हात खिशात घातले. "माझ्याकडून नाही व्हायचं, बाई. तुमचं तुम्ही करा."

चाकू अजून टेबलावरच आहे. मित्रांनो, उद्या तुम्ही बाईंच्या खुर्चीत बसाल. तेव्हा आमच्यातला खरा कोण, हे मला जोडलेलं असतानाच विचारा. वेगळं केलंत, तर उत्तर द्यायला मी उरत नाही.