गाडी पुसायची वेळ

उल्काने जुन्या टूथब्रशने मागच्या सीटच्या फटीतून खारीचा चुरा उकरून काढला आणि डब्यात झटकला. मॅटखाली संत्र्याची साल निघाली, दाराच्या कप्प्यात अर्धवट चोखलेली गोळी. तिने ती ओल्या फडक्यात धरून उचलली, काचेवरचे स्वरालीच्या बोटांचे ठसे पुसले आणि मॅट पुन्हा जागेवर घातलं. काम संपलं. मग तिने चारही दारं लावून घेतली, काचा वर केल्या, ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं. ‘येथे दुसऱ्याने गाडी लावल्यास चाकातील हवेची जबाबदारी आमची नाही’ अशी एक पाटी होती, तीही तिला पाठ झाली होती. मोबाइल ती मुद्दाम वर ठेवून यायची.

वर घरात कुणी वाईट नव्हतं, हीच खरी पंचाईत होती. सासरे श्रीधरराव नातवंडांवर जीव टाकत. सासूबाई श्यामलाताई बोलायला तिखट, पण सकाळचा निम्मा स्वयंपाक उल्का उठायच्या आत उरकलेला असे. नवरा अनिरुद्ध ऑफिसातून येताना न सांगता भाजी आणायचा. मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट आणि त्यात सहा माणसं. उल्का जेवणाच्या टेबलावरच लॅपटॉप उघडून कंपनीचं काम करायची. शंभू सहा वर्षांचा, स्वराली तीन, आणि दोघांनाही आई सतत हाताशी लागे. तिने बाथरूमचं दार लावून घेतलं, तर दाराखालच्या फटीतून इवलीशी बोटं आत यायची आणि बाहेरून प्रश्न यायचा, “आई, तू आत काय करतेस?”

गाडीबद्दल मात्र कुणी काही विचारत नसे. लहान मुलांची गाडी घाण होणारच आणि ती कुणीतरी पुसायलाच हवी. संध्याकाळी बादली आणि फडकं घेऊन ती निघाली, की तिला कुणी अडवत नसे. काम थोडं, पण ती ते दिवेलागणीपर्यंत पुरवायची. पुसायला काही उरावं म्हणून मुलांना शाळेतून आणताना तीच बेकरीपाशी थांबे आणि मागच्या सीटवर खारीचा पुडा देई. बिस्किटापेक्षा खारीचा चुरा जास्त पडतो, हा तिचा स्वतःचा शोध होता. या लबाडीची तिला लाज वाटायची, पण ती सोडवत नव्हती.

तिच्या वाढदिवसाला सगळे जेवायला बसले असताना अनिरुद्ध म्हणाला,

“तुला एक गिफ्ट आहे. उद्यापासून तू गाडी पुसायची नाहीस.”

उल्काचा घास हातातच राहिला.

“सोसायटीत साईनाथ येतो ना गाड्या धुवायला, त्याला आतूनबाहेरून सगळंच सांगितलंय. रोज. आणि गाडीत खाणं एकदम बंद. कळलं का रे शंभू? किती मरमर करते आई तुमच्यामागे!”

“अरे, पण मला काही त्रास नाही त्याचा,” उल्का म्हणाली. “मला आवडतं ते.”

“गाडी पुसायला?” श्रीधरराव हसले. “आमच्या सूनबाईंचे छंद फारच काटकसरीचे आहेत.”

सगळे हसले. उल्काही हसली. श्यामलाताई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी तिच्या ताटात श्रीखंड वाढलं, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, “जेव.”

दुसऱ्या दिवसापासून गाडी लखलखायला लागली. साईनाथच्या कामाला नाव ठेवायला जागा नव्हती. एका संध्याकाळी उल्का उगाचच बादली घेऊन खाली गेली, तर तो डिकी उघडून उभा.

“मी आहे ना ताई. तुम्ही कशाला?”

ती भरली बादली घेऊन परत वर आली. एकदा कचरा टाकायच्या निमित्ताने जाऊन गाडीत नुसतीच बसली, तर थोड्याच वेळात शंभू काचेवर थापा मारायला लागला. आजोबांनी पाठवलं होतं, आईला बरं वाटत नाही का, बघून ये म्हणून.

सहनही होईना आणि सांगताही येईना. सांगणार तरी काय? सगळे माझ्यावर इतकी माया करतात की माझा जीव गुदमरतो? असं म्हणणाऱ्या बाईला लोक डॉक्टरकडे नेतात. हळूहळू मुलांवर तिचा आवाज चढायला लागला. एका दुपारी स्वरालीच्या हातून दुधाचा पेला लवंडला आणि उल्काचा हात उठला. तिने मारलं नाही, पण पोरगी खांदे आक्रसून, डोळे मिटून उभी राहिली. ते पाहून उल्कालाच रडू फुटलं. मेथी निवडत बसलेल्या श्यामलाताई उठल्या, सांडलेलं दूध पुसलं आणि पुन्हा मेथी निवडायला बसल्या. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं उल्काला वाटलं.

रविवारी मांजरी गावात अनिरुद्धच्या मावशीकडे जायचं होतं. श्रीधरराव घरीच थांबले. परतताना हडपसरला गाडी गर्दीत अडकली, पुढेही जाईना आणि मागेही. मागच्या सीटवर मुलांच्या मध्ये बसलेल्या श्यामलाताईंनी पिशवीतून मावशीने दिलेले राजगिऱ्याचे लाडू काढले आणि दोघांच्या हातांवर ठेवले.

“आई! गाडीत खायचं नाही ठरलंय ना?” अनिरुद्ध आरशात बघत म्हणाला.

“ठरवताना मला कुणी विचारलं नव्हतं.”

“अगं, पण राजगिरा! सगळीकडे होईल.”

“होऊ दे. गाडी आहे ही, देव्हारा नाही.”

उल्काने वळून मागे पाहिलं. मुलं खात होती. श्यामलाताईंच्या मुठीतही एक लाडू होता. खिडकीबाहेर बघत त्यांनी ती मूठ सावकाश आवळली आणि सीटच्या फटीवर उघडली. ताटाबाहेर सांडलेलं शीतसुद्धा उचलायला लावणारी ही बाई. राजगिऱ्याचे दाणे फटीत भुरभुर पडत गेले. मग त्यांनी हात झटकला आणि थेट उल्काच्या डोळ्यांत पाहिलं. उल्का पटकन पुढे वळली.

घरी पोचल्यावर चपला काढता काढताच त्यांनी फर्मान सोडलं.

“साईनाथला बाहेरूनच पुसू दे. पैसे कापू नकोस त्याचे. पण आतलं उल्का बघेल. रोज. नाहीतर मुंग्या होतील.”

“अगं, ती दमते म्हणून तर मी...”

“दमू दे. तरुण आहे.”

अनिरुद्धने बायकोकडे अपराधी नजरेने पाहिलं. उल्काने मान खाली घातली, कारण आपला चेहरा या क्षणी कुणी बघू नये असं तिला वाटत होतं. ती बादली भरून निघाली, तशा श्यामलाताई फडकं घेऊन तिच्यामागे दारापर्यंत आल्या.

“बुधवार पेठेत आम्ही दोन खोल्यांत आठ माणसं होतो,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “माझं वाळवण असायचं. वर, गच्चीवर. बारा महिने.”

उल्काला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

“पावसाळ्यातसुद्धा?”

“कुणी विचारलं नाही.”

या इमारतीच्या गच्चीला सोसायटीने कायमचं कुलूप घातलंय, हे तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खटकलं.

“आई, तुम्ही पण चला ना खाली,” ती म्हणाली. “थोडा वेळ.”

आतून स्वरालीने हाक मारली, “आई!” पाठोपाठ शंभूची आली, “आजी, आई कुठंय?”

“आणि यांच्याकडे कोण बघणार?” श्यामलाताई म्हणाल्या. फडकं तिच्या हातात देऊन त्यांनी दार आतून लावून घेतलं.