लांडगा कोणाला म्हणालात?

मी एक जुनी आरामखुर्ची आहे. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण मित्रांनो, लॅटिन मात्र तुमच्यापेक्षा चांगलं जाणते! सुताराकडून आले ती थेट मास्तरांच्या खोलीत. त्यांनी मला कधी रिकामी ठेवलं नाही.

संध्याकाळी मास्तरांचा आणि त्यांच्या पत्नीचा, बाईंचा, खेळ रंगायचा. माझ्या डाव्या हातावर टकटक करून मास्तर लॅटिन म्हणीचा शब्दाला शब्द अर्थ सांगायचे. बाई भाजी निवडता निवडता तो आपल्या बोलीत बसवायच्या.

"ज्याचं नाव काढावं तोच दारात दिसला, की रोमन लोक म्हणत, 'गोष्टीतला लांडगा!'"

"हे काय बोलणं झालं? आपण म्हणतो, शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला!"

मास्तर इतके हसले, की माझा हात खिळखिळा झाला.

पुढे मास्तरांना झटका आला. वाचा गेली. त्यांना चाकांची खुर्ची आली आणि मला कोपरा. उरला एकच शब्द. बाई खोलीत आल्या की ते म्हणत, "लांडगा."

"जन्मभर यांचं केलं, आणि मी लांडगा?" बाईंनी खोलीत येणंच सोडलं. रागीट खऱ्या, पण रडायच्या भिंतीआड.

"आई, बाबांना भ्रम झालाय. संस्थेत ठेवू या," मुलगा म्हणाला.

गाद्यांच्या ढिगाखाली माझा जीव तुटत होता. अहो बाई, शिवी नाही ती! पण लाकडाला कुठला आलाय गळा?

संस्थेची गाडी यायच्या दिवशी मुलाने मलाही भंगारात द्यायला ओढलं. मी शेजारून जाताना मास्तरांनी माझा डावा हात घट्ट धरला. टकटक. टकटक. बाई बॅग घेऊन दारात आल्या.

"लांडगा," मास्तर म्हणाले.

बाईंच्या हातून बॅग गळून पडली. "गोष्टीतला?"

मास्तरांनी मान डोलावली. डोळे वाहत होते.

"अगं बाई! म्हणजे इतके दिवस मनात माझंच नाव काढत होतात?" बाई मुलाकडे वळल्या. "गाडी परत पाठव. आणि त्या खुर्चीला हात लावशील तर बघ!"

मित्रांनो, कोणाचं बोलणं कळलं नाही, तर त्याला वेडं ठरवू नका. माझ्यासारखीचा हात निखळला, तर एक खिळा ठोकून बघा.

मास्तरांना दुसरा शब्द अजून आलेला नाही. म्हणून बाई उगाचच खोलीबाहेर जातात आणि परत आत येतात.

"लांडगा."

"हो, हो. शंभर वर्षं आयुष्य आहे मला. तुम्ही आपलं बघा."