ओश्त्राच्या टेकडीवरचा ठिगळाचा हंडा

मित्रांनो, मी एक जुना हंडा आहे, तांब्याचा, रुंद तोंडाचा, आणि माझ्या पोटाला ठिगळ आहे. मागे शहरातल्या संग्रहालयाचे एक साहेब मला न्यायला आले होते. मला न्याहाळून म्हणाले, "छान आहे. ठिगळाची बाजू भिंतीकडे करून ठेवू." तेव्हाच मी ठरवलं, आपली कहाणी सांगायची ती ठिगळ पुढे करूनच. साहेब रिकाम्या हाताने परत गेले. का गेले, तेही कळेल.

भांड्यांच्या गल्लीत एका म्हाताऱ्या कारागिराने मला नऊ दिवस ठोकून घडवलं. माझा मालक खालच्या गावचा रिफत, त्याच्या आजोबांनी एक वासरू देऊन मला घरी आणलं. ओश्त्राच्या टेकडीखाली दोन गावं. वरच्या गावात चर्चची घंटा वाजायची, खालच्या गावात बांग व्हायची. मी मात्र दोन्ही गावांचा होतो. आलुबुखाऱ्याच्या दिवसांत दारोदार माझी मागणी असे, कारण एवढा मुरंबा आटवायला माझ्याखेरीज कोण होतं? मुरंबा काढून झाला की तळाची खरवड पोरांची. वरच्या गावचा ओब्रेन आणि खालच्या गावचा मेहो, दोघेही डोकी खाली, पाय वर करून माझ्या पोटात शिरत आणि तिथेच भांडत. मेहोची धाकटी बहीण झिनेता बाहेरून दोघांच्या पायांना चिमटे काढायची. माझ्या आयुष्यातले ते सोन्याचे दिवस होते.

पुढे झिनेता रिफतची बायको होऊन माझ्याच घरात आली. आणि मग लढाई आली. खालचं गाव एका फौजेत, वरचं दुसऱ्या. रिफत स्वयंपाकी झाला आणि मला घेऊन टेकडीवरच्या खंदकात गेला. दुपारी घेवडा शिजला की तो माझ्या काठावर वाढायचा डाव तीनदा आपटायचा. टण, टण, टण! दोनशे पावलांवर समोरच्या खंदकात ओब्रेन बंदूक घेऊन बसलेला. तो आवाज त्याने लहानपणापासून ऐकलेला होता. एके दुपारी त्याने त्या आवाजावर गोळी झाडली.

नेम हंड्यावर होता, रिफतवर नव्हता, असं तो सांगतो. माझा त्याच्यावर विश्वास आहे, कारण नेम कुणावर होता हे माझ्याइतकं कोण जाणणार? पण गोळी माझ्या पोटातून आरपार गेली आणि कडी धरलेल्या रिफतची दोन बोटं घेऊन गेली. चाळीस माणसांचा घेवडा मातीत सांडला. त्याच आठवड्यात मेहो त्या टेकडीवर पडला. गोळी कुणाची, कुणालाच ठाऊक नाही. ओब्रेनलाही नाही.

लढाई थांबली आणि मी अंगणात उपडा पडलो. अठरा वर्षं! पुढे कुणीतरी सुलटा केला, तर कोंबड्यांचे दाणे पोटात आले. सगळं अंग हिरवं पडलं. मला फार वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग एका मे महिन्यापासून दर वर्षी दोन्ही फौजांचे जुने सैनिक ओश्त्रावर भेटायला लागले. आधी दोन चुली, दोन पातेली, मध्ये दहा पावलं. गावातली माणसं टोमणे मारायची, "शत्रूशेजारी बसून घास कसा उतरतो रे घशाखाली?" रिफत उलट विचारायचा, "गोळ्या झाडताना उतरत होता ना? मग आता काय झालं?" पाचव्या वर्षी तोच सगळ्यांपुढे उभा राहून म्हणाला, "दोन पातेली पुरे झाली. एकाच हंड्यात शिजवू. माझ्या."

"त्याला भोक आहे," कुणीतरी म्हणालं.

"भोक मी पाडलंय," ओब्रेन म्हणाला, "मीच बुजवणार."

त्याने बुजवलं हो! तांब्याचा तुकडा, सहा रिबिटा, पाण्याचा थेंब गळेल तर शपथ. पण त्याचं तेवढ्यावर समाधान होईना. तीन दिवस तो मला वाळूने आणि व्हिनेगरने घासत बसला. रडत रडत घासत होता, मी पाहिलंय. आतून बाहेरून मी लालबुंद झालो. टेकडीवर सगळे म्हणाले, वा! घेवडा दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, अशी आमच्याकडची समजूत, म्हणून आदल्या दिवशीच मेंढीच्या वाळवलेल्या मटणात, भरपूर टोमॅटो घालून तो शिजवला आणि माझ्यातच झाकून ठेवला. दुसऱ्या दुपारी एकोणीस माणसं जेवली, आणि तास-दीड तासात एकोणीसही झुडपांमागे ओकत होती. ओब्रेन त्यांत पहिला.

पण ते कोण सांगतो? संध्याकाळपर्यंत खालच्या गावात बोभाटा, "ओब्रेनने विष घातलं!" वरच्या गावात, "रिफतने घातलं!" ओब्रेनच्या खिडकीवर दगड पडले. पुढच्या वर्षी टेकडीवर जाल तर याद राखा, असं दोन्हीकडून बजावलं गेलं. ओब्रेनने दार लावून घेतलं. भेट मोडली म्हणून समजा. म्हणूनच तर ते संग्रहालयाचे साहेब आले होते. "आता तुम्हाला याचा काय उपयोग?" असं त्यांनी झिनेताला विचारलं.

झिनेता त्या टेकडीवर कधीच चढली नव्हती. भावाचं रक्त सांडलेल्या जागी जेवण कसलं, म्हणायची. साहेबांना द्यायला म्हणून तिने मला उचललं, आत डोकावली आणि थबकली. मग तिने हात घालून माझं पोट चाचपलं आणि मला तिथेच टाकून तरातरा वरच्या गावात गेली. तिचा आवाज मला अंगणात ऐकू आला, एवढी ती ओरडली.

"ओब्रेन! दार उघड, गाढवा! कल्हई घासून काढलीस तू! सगळी कल्हई! तांब्यात टोमॅटो रात्रभर ठेवल्यावर कळकणार नाही तर काय?"

आतून काय उत्तर आलं, ते नंतर झिनेतानेच सांगितलं. "मला चकचकीत करायचा होता."

"चकचकीत! अरे, साठ वर्षांचा घोडा झालास, चुलीपाशी कधी उभा राहिला होतास का?"

परत आल्यावर साहेबांना तिने दारातूनच वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी ती आणि ओब्रेन मला गाडीत घालून भांड्यांच्या गल्लीत घेऊन गेले. नवसागराचा धूर निघाला, कथील पसरलं, पोटातून मी पुन्हा रुपेरी झालो.

मे महिना आला. धमक्या होत्याच, तरी चौतीस माणसं टेकडीवर आली, आणि त्यांना बघायला दोन्ही गावं. रिफतने उरलेल्या तीन बोटांनी डाव धरून माझ्या काठावर तीनदा आपटला. कुणीही हललं नाही. ओब्रेन माझ्याशेजारी मान खाली घालून उभा. तेवढ्यात चढण चढून धापा टाकत झिनेता आली. तिने वाडगा भरला आणि सगळ्यांसमोर उभ्याने खाल्ला, शेवटच्या दाण्यापर्यंत. मग पुन्हा भरून तोच वाडगा, तोच चमचा ओब्रेनपुढे धरला.

"माझ्या भावाला कुणी मारलं, मला माहीत नाही," ती म्हणाली. "तुलाही नाही. ते मी विसरणार नाही, आणि तूही विसरायचं नाहीस. पण हा मेहोच्या वाटचा आहे. खा."

ओब्रेनने खाल्ला. मग रिफत पुढे झाला, मग त्याच्यामागे रांग. शेवटी तळाला खरवड उरली, तेव्हा झिनेताने ओब्रेनच्या हातात पावाचा तुकडा दिला. साठ वर्षांचा तो माणूस डोकं खाली करून माझ्या पोटात वाकला, आणि माझं पोट हुंदक्यांनी घुमलं. त्याने अर्धीच खरवड पुसली. अर्धी तशीच ठेवली. त्या बाजूला मेहो असायचा.

मित्रांनो, मला भिंतीशी लावू नका. मला चूल हवी, माणसं हवीत. माझ्या पोटाला भोक पडलं तर बुजवा, पण ठिगळ लपवू नका. आणि दर मे महिन्याआधी एकदा आत हात घालून बघा. कल्हई झिजते हो, वर्षभरात झिजते. ती पुन्हा करावी लागते.